संत अँथनीचं तोंड कुणीकडे?

मंडळी, आज माझी मती गुंग झाली आहे.

शेजारच्या सगुणावहिनींचा मुलगा तुकाराम फौजेत आहे. तो इटलीतल्या लढाईत बेपत्ता झाल्याची तार येऊन दोन महिने झाले. आज पाचगणीत संत अँथनीचा सण होता. हा संत हरवलेलं शोधून देतो म्हणे. वहिनी म्हणाल्या, "आवं भावजी, मला घिऊन चला." देवाधर्माची टिंगल करणारा मी मुकाट निघालो.

बोर्डिंगात स्वयंपाक करणाऱ्या मेरीबाईंनी वहिनींना आशीर्वादाचा पाव दिला, स्वतःजवळची संताची मातीची मूर्ती दिली आणि बजावलं, "ऐकलं नाही तर त्याचं तोंड भिंतीकडे करायचं. पोरगा सापडला की परत वळवायचं."

घरी येताच वहिनींनी मूर्ती थेट घंगाळातल्या पाण्यात बुडवली. मी हबकलो.

"भिंतीकडं बघून त्येला काय व्हतंय? आमी देव पाण्यात ठेवतो. जीव गुदमरला की पळतोय बगा शोधायला."

तासाभरात संताचं नाक विरघळलं. वहिनींचा चेहरा उतरला. "भावजी, आता ह्यो शोधंल का न्हाई?"

"शोधेल," असं मी, गावचा नावाजलेला नास्तिक, म्हणालो आणि चिखलाचं नवं नाक लावायला बसलो. ते जरा तुकारामासारखंच बसकं झालं.

आता मूर्ती माझ्या खिडकीत वाळते आहे. मेरीबाईंच्या रीतीने तोंड भिंतीकडे हवं. वहिनी म्हणतात रस्त्याकडं, "म्हंजी पोरगं येताना आदी त्येलाच दिसंल."

तुम्हीच सांगा, कुणीकडे करू?