चिमाची घंटा

गेल्या वर्षीच्या सर्वपित्रीला बाबूने ओळीत एक पान जास्त मांडलं होतं. सगुणा खिरीचं पातेलं घेऊन बाहेर आली, पानांवरून तिची नजर फिरली, आणि पातेलं तिथंच खाली ठेवून तिने शेवटचं पान उचललं. मागल्या दारी गेली आणि ते कोरं पान गाईपुढे टाकून आली. मग हात धुऊन खीर वाढायला बसली.

ते पान रुपेशचं होतं. रुपेश म्हणजे सगुणा आणि बाबूचा एकुलता एक मुलगा. आखातातल्या एका मालवाहू बोटीवर खलाशी होता. एका सकाळी तो बोटीवर कुठे दिसला नाही, एवढाच निरोप आला. देह आला नाही, कपड्यांची पेटी तेवढी आली. ती पेटी सगुणाने माळ्यावर टाकू दिली नाही. दर दसऱ्याला ती त्यातले शर्ट काढून उन्हात घाली आणि पुन्हा घड्या करून ठेवी. आल्यावर त्याला कुबट वास यायला नको, म्हणून.

सगुणा माहेरची मालगुंडकडची. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन नाटे गावाजवळच्या या वाडीत आली तेव्हा सतरा वर्षांची होती. नवरा बोटीवर, सासरा बोटीवर. घरात बायका आणि दाराबाहेर समुद्र. पुरुषमाणूस आठ-आठ महिने दिसायचा नाही. पहिल्या पावसाळ्यात ती रडायला लागली की सासू तिला जवळ घेऊन भागोजीबाबांची गोष्ट सांगे.

भागोजीबाबा म्हणजे बाबूच्या पणजोबांचे वडील. फत्तेमारीवर मीठ भरून मलबारकडे गेले आणि वादळात सापडले. बरोबरची गलबतं परत आली, त्यांचं आलं नाही. लोक म्हणाले, गेला. पण त्यांची बायको चिमा काही कुंकू पुसायला तयार होईना. भावकीने वाळीत टाकायची भीती घातली, तरी बधली नाही. आणि चौदा वर्षांनी एका सकाळी भागोजीबाबा दाढी वाढवून दारात उभे! चिमाने महादेवाला घंटा वाहिली. ती घंटा अजून देवळात आहे.

सासू सांगायची, "आपल्या घरातला माणूस उशिरा येतो, पण येतो."

या एका वाक्यावर सगुणाने जन्म काढला. रुपेश नाहीसा झाल्यावर तर ते वाक्य तिने देवाच्या नावासारखं धरून ठेवलं. दर सोमवारी ती ती घंटा वाजवायची आणि म्हणायची, "महादेवा, वाट दाखव रे त्याला." सून वेदिका हिला तिने कपाळ मोकळं ठेवू दिलं नाही. हळदीकुंकवाला स्वतः पाठवायची. शेजारच्या विमलाने एकदा पाणवठ्यावर टोमणा मारला, "काय गो सगुणे, सुनेला सवाष्ण म्हणून मिरवतेस, पण देवाच्या कामाला ती कुठं चालते ते तरी इचार भटजींना." तेव्हापासून सगुणाने विमलाकडचं विरजणसुद्धा बंद केलं.

वेदिका अंगणवाडीत शिकवायची. शब्दाने कमी. लग्न झालं तेव्हा तेवीस वर्षांची होती, आता तिची मुलगी आरोही आठवीत गेली होती. सासू म्हणेल तसं कुंकू लावायची, सासू म्हणेल तेव्हा हळदीकुंकवाला जायची आणि लवकर परत यायची.

या वर्षी श्रावणात बाबूने विषय काढला. जेवण झालं होतं, वेदिका मागे भांडी घासत होती.

"बारा वर्षं भरली. भटजी म्हणतात, आता पालाशविधी करायला हवा. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा नि त्याला अग्नी द्यायचा. नायतर पोराला गती नाय."

"जित्या माणसाला अग्नी देतात?"

"सगुणा..."

"भागोजीबाबा चौदा वर्षांनी आले. अजून दोन हायत."

"भागोजीबाबा काय टायमटेबल लावून गेलते काय? नि आले ते कोणी बघितलान? तू? मी?"

मागे भांड्यांचा आवाज थांबला होता. सगुणाच्या ते ध्यानात आलं आणि तिला जास्तच राग आला. "बघितलं नाय ना? मग बघूनच येते," ती म्हणाली.

त्या दिवसांत जो तो जुनी कागदपत्रं काढत होता. जातीच्या दाखल्याला पणजोबा-खापरपणजोबांचा पुरावा लागायचा, म्हणून वाडीतले पुष्कळजण रत्नागिरीला जाऊन मोडी कागदांच्या नकला आणत. पुरुषमाणसं दाखल्यासाठी जातात, तर आपण मुलासाठी का नाही, असा सगुणाने सरळ हिशेब केला. अंगणवाडीला सुट्टी होती, म्हणून वेदिकाही बरोबर निघाली. एसटीत दोघींना खिडकीजवळची जागा मिळाली. हातखंब्याच्या अलीकडे वेदिका एकदम खिडकीकडे वळली आणि मान मागे करून बाहेर काहीतरी बघत राहिली.

"काय गो?"

"काही नाही आई. झाड."

नक्कल मिळायला दोघींना दुसरी खेप करावी लागली. मोडी वाचून देणारी दर्शना नावाची मुलगी कचेरीबाहेर झेरॉक्सच्या दुकानात बसायची. तिच्यापुढे सगुणाने कागद ठेवला. खोताच्या गावातली कुळं लिहिलेलं ते जुनं बोटखत होतं. दर्शनाने बोट फिरवत फिरवत खाली येऊन थांबवलं.

"हे बघा आजी, तुमचं घर. कूळ चिमा, बेवा भागोजी गंगाराम."

"बेवा म्हणजे?"

दर्शनाने आधी वेदिकाकडे पाहिलं. "म्हणजे... नवरा नसलेली बाई. विधवा."

सगुणाने कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "हे कधीचं?"

"अठराशे एक्याऐंशीच्या सुमाराचं."

"तेव्हा आले नसतील अजून. चौदा वर्षं व्हायची असतील."

"असेलही," दर्शना म्हणाली. मुलगी मायाळू होती. "माणूस बरीच वर्षं आला नाही, तर खोताचा कारकून आपला बेवा लिहून मोकळा. पुढचे कागद मात्र वाळवीने खाल्लेत. घरात, देवळात काही कोरलेलं आहे का? साल लिहिलेलं?"

"घंटा आहे," वेदिका म्हणाली. दुकानात आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली.

घंटेवर अक्षरं होती हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. पण समईची काजळी, तेलाचे हात आणि वर्षानुवर्षांची धूळ यांनी ती पार बुजून गेली होती. वाचायची गरजही कुणाला पडली नव्हती. काय लिहिलंय ते सगळ्यांना ठाऊकच होतं ना, की भागोजी परत आला.

दुसऱ्या दिवशी सगुणा आमसुलं, राख आणि नारळाची शेंडी घेऊन देवळात गेली. वेदिकाने स्टूल धरलं. गुरव सभामंडपात बेल निवडत होता, तो हसला. "काकी, सगळं पुण्य आजच घेताय काय? सोमवारसाठी ठेवा थोडं."

"तू तुझा बेल बघ. तुझ्या बापापासून कोणी हात लावला नाय हिला."

काळा रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला. खालून पिवळं पितळ दिसायला लागलं, मग एकेक अक्षर. बाळबोध अक्षरं होती, शाळेच्या फळ्यावर असतात तशी. मोडी वाचणारं कुणी लागणार नव्हतं. सगुणा चष्मा वर करून शब्द लावत मोठ्याने वाचू लागली.

"श्री महादेव चरणी... कैलासवासी..."

तिथे ती थांबली. हात घंटेवर तसाच राहिला. गुरवाने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

खालून वेदिकाने पुढचं वाचलं. तिचा आवाज अगदी वर्गात वाचून दाखवावा तसा सरळ होता. "कैलासवासी भागोजी गंगाराम यांचे नांवे स्त्री चिमा हिने वाहिली. शके अठराशे दहा."

"इसवी सन काय गो होतं ते?"

"अठराशे अठ्ठ्याऐंशी."

सगुणा स्टुलावरून उतरली आणि खांबाला टेकून बसली. राखेचे हात तिने मांडीवर उताणे ठेवले होते. कागदाने चिमाला आधीच बेवा केलं होतं. तिने स्वतः ते म्हणायला आणखी सात वर्षं घेतली. चौदा वर्षांची गोष्ट बहुधा खरीच होती, फक्त ती भागोजीबाबांच्या परतण्याची नव्हती, चिमाच्या थांबण्याची होती. मग कुठल्या तरी सासूने कुठल्या तरी रडणाऱ्या सुनेला गप्प करायला तिचा शेवट बदलला असेल. सगुणाच्या सासूने सगुणाला सांगितली, आणि सगुणाने वेदिकाला. तीही रडत होती म्हणूनच.

तिला देवाचा राग आला नाही. बारा वर्षं ती ज्या घंटेला हात लावून मागणं मागत होती, तिच्यावरच उत्तर लिहिलेलं होतं. देवाने काही लपवलं नव्हतं. काजळी आपलीच होती.

"वेदिका," ती म्हणाली, "यांना सांगते, भटजींना बोलवा. सर्वपित्रीच्या आधी करून टाकू." आवाज नीट निघाला. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं म्हणाली, जणू तेवढ्याने अजून काही दिवस मिळतील, "पण पळस कुठं मिळायचा? आपल्या या कातळावर पळस नाय."

वेदिका स्टूल उचलत होती. तिने ते परत खाली ठेवलं.

"हातखंब्याच्या अलीकडं एक आहे आई. रस्त्याच्या डाव्या हाताला."

"तू त्या दिवशी बघितलंस?"

"नाही. ते आहे अजून की रस्ता रुंद करताना तोडलं, एवढं बघितलं त्या दिवशी." ती थोडा वेळ घंटेकडेच बघत राहिली. "झाड मी आरोही पहिलीत होती तेव्हाच बघून ठेवलंय. भटजींना विचारून."

सात वर्षं. सगुणाने बोटं मोजली नाहीत, तरी तिला कळलं.

"मग बोलली का नाहीस गो?"

"तुम्ही शर्ट उन्हात घालत होता," वेदिका म्हणाली.

गुरव बेल घेऊन गाभाऱ्यात गेला. सगुणाने सुनेच्या दंडाला धरून स्वतःला उठवलं. त्या हाताची राख वेदिकाच्या बाहीला लागली, ती दोघींनीही झटकली नाही. दारात घंटेखाली आल्यावर सवयीने सगुणाचा हात वर गेला, आणि मग तिने तो घंटेला टेकवून नुसता तसाच ठेवला. वाजवली नाही.

त्या वर्षी दसऱ्याला शर्ट उन्हात आले नाहीत. सर्वपित्रीला ओळीत एक पान जास्त होतं. ते सगुणाने मांडलं, आणि त्यावर खीर वाढली.