सोमवार-गुरुवार सोडून

सोलापूरच्या नवी पेठेतल्या साड्यांच्या दुकानात मी बरीच वर्षं गादीवर बसून साड्या उलगडल्या. गिऱ्हाईक मराठी असो की कानडी, मला दोन्ही सारखंच. मग पायांवर सूज आली, जिना चढताना दम लागायला लागला आणि डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. आता सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस, तेही कायमचं. केशरी रेशन कार्ड असल्यामुळे सरकारी योजनेतून ते फुकट झालं. त्या दिवशी मला केवढं हायसं वाटलं होतं.

"आधी बरा हो, मग ये," असं म्हणून मालकांनी निरोप दिला. हे बरं होणारं दुखणं नाही, हे सांगायला माझी जीभ वळली नाही.

धाकट्या भावाचं गावाकडं, मैंदर्गीत, किराणा दुकान आहे. त्याचा फोन यायचा, "आण्णा, हितं ये की. गल्ल्यावर नुसतं बसायचं. तुला कोण काय म्हनतंय?"

पण मशीन सोलापुरात. डायलिसिस झाल्यावर रिक्षापर्यंत चालवत नाही, तिथे एसटीनं मैंदर्गी कुठं गाठणार? बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एका खोलीत मी एकटाच राहिलो.

काम शोधत फिरलो. डायलिसिसच्या सुईसाठी डाव्या हातातल्या शिरा जोडून घेतल्या आहेत, त्यामुळे त्या हातानं ओझं उचलायचं नाही. गोदामातली कामं त्यातच संपली. वॉचमनच्या जागेसाठी गेलो, तर सोमवार-गुरुवार सुट्टी म्हटल्यावर समोरचा माणूस मोबाईल बघायला लागला. "कळवतो" म्हणाला. त्यानंतर कितीजणांनी "कळवतो" म्हटलं.

शेवटी एका साडीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कामावर ठेवलं. माणूस चांगला होता. पण लग्नसराई आली. रविवारी दुकान बंद करताना तो म्हणाला, "उद्या लई गर्दी हाय. एक डाव सुट्टी न्हाय घेतली तर जमंल का?"

"जमंल," मी म्हणालो. गेलेलं काम परत मिळायला काय लागतं, ते मला माहीत होतं.

सोमवार त्रासाविना पार पडला. उलट मी खुशीत होतो. इतर कुणासारखीच माझीही दुकानाला गरज लागली होती. मंगळवारी दुपारी एका नवरीपुढे शालू उलगडत होतो. पदर दाखवायला हात वर केला आणि श्वास पुरेना. छातीत पाणी भरल्यासारखं झालं. मी शालूवरच कलंडलो. नवरीची आई ओरडली, तेवढं ऐकू आलं.

मालकानंच मला रिक्षात घातलं. हॉस्पिटलात मशीन लागून मी माणसांत येईपर्यंत तो बाहेरच्या बाकावर बसून होता. भर लग्नसराईत! मग आत येऊन पलंगाशी उभा राहिला.

"तुमी असं कराया नको हुतं."

"तुमीच म्हनला की."

"व्हय, म्हनलो. म्हनूनच सांगतो, आता नका येऊ. माज्या दुकानात तुमचं काय बरंवाईट झालं तर मला झोप यायची न्हाय."

मी "बरं" म्हणालो. राग करायला तरी समोर वाईट माणूस हवा होता. तो गेला आणि मी मशीनची घरघर ऐकत पडलो. शेजारच्या पलंगावरच्या बाईंना त्यांची सून डबा उघडून देत होती. मी कूस बदलायला गेलो, पण नळ्यांमुळे ते जमेना.

पुढे महिन्याभरानं त्याच मालकाचा फोन आला. दुकान आता मोबाईलवरही साड्या विकत होतं आणि सीमेपलीकडून बायकांचे फोन येत होते. कानडी बोलणारं कुणी नव्हतं. सोमवार-गुरुवार सोडून या म्हणाला. पगार पहिल्यापेक्षा कमी. मी गेलो.

आता वरच्या मजल्यावर, साड्यांच्या खोक्यांमध्ये, माझी एक खुर्ची आहे. खालची गर्दी नुसती ऐकू येते. मी मोबाईलसमोर साडी धरतो, रंग सांगतो, काठ दाखवतो. दिवसभर बोलतो, पण खोलीत दुसरं माणूस नसतं.

परवा एका म्हातारबाईंनी साडी पसंत केली आणि फोन ठेवण्याआधी सहज विचारलं, "ऊट आयता?" जेवलास का?

मला हे कुणी विचारून किती दिवस झाले होते! "आयतु, अव्वा," झालं म्हणून मी सांगितलं. डबा अजून उघडायचा होता. त्यांनी फोन ठेवल्यावर मी डबा पुढे ओढला.