दिव्यामागचं रबर

हे मी परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. परवा दोन माणसांना सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं — अर्धं एका दुकानात, अर्धं आमच्या अंगणात. पहिल्यापासून सलग असं आजच सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जरा सोपं जातंय. की हाही एक भित्रेपणाच?

आमच्या अण्णांची जीप आष्टी ते परतूर चालते. अण्णा चौथीपर्यंत शिकले. मी जालन्याला बीएस्सीला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. हे मिरवायला सांगत नाही. पुढं जे झालं ते यामुळेच झालं. माझ्या शब्दाला घरात जरा जास्तच वजन आलं होतं, आणि ते मला आवडत होतं.

उत्तमकाकांचंही सांगायला हवं. त्यांचं आष्टीत स्टँडसमोर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. अण्णा आणि ते लहानपणापासूनचे दोस्त. दसऱ्याच्या सकाळी स्टँडवर सगळ्या जीपांची पूजा होते — हार, कुंकू, चाकाखाली लिंबू. काका आपट्याची पानं घेऊन रस्ता ओलांडून यायचे आणि सोनं पहिलं अण्णांच्याच हातात द्यायचे. दरवर्षी. लहान होतो तेव्हा मला वाटायचं, दसरा म्हणजे हेच.

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मी अण्णांसाठी एलईडी बल्ब आणले. जुन्या हॅलोजनचा उजेड पिवळट पडायचा. हे पांढरे, लख्ख. माझ्याकडून त्यांना मिळालेली ही पहिलीच वस्तू. आदल्या दिवशी दुपारी मीच ते बसवले, मोबाईलवर व्हिडिओ बघून. व्हिडिओ मी पुढं ढकलत ढकलत पाहिला. दिव्याच्या मागं एक रबरी टोपी असते, पाणी आत जाऊ नये म्हणून. नव्या बल्बला मागं छोटा पंखा होता, त्यामुळं ती टोपी काही केल्या बसेना. तिला भोक पाडून बसवायची, नाहीतर मोठी आणायची — हे त्या व्हिडिओत होतं. मी तिथपर्यंत थांबलोच नव्हतो. दोन्ही टोप्या काढून माझ्या बॅगेत टाकल्या. काय होतंय? बॉनेट तर वरून बंदच असतं.

मग पाण्याच्या मोटारीचा पाइप लावून जीप धुतली. पुढून, खालून, बॉनेट उघडूनसुद्धा. पूजेची गाडी चकचकीत नको का?

सकाळी स्टँडवर अण्णांनी मोठ्या हौसेनं दिवे लावून दाखवले. दोन्ही काचांना आतून धुकं धरलेलं, आणि तळाशी बोटभर पाणी हलत होतं. एक ड्रायव्हर म्हणाला, "ओ शेषराव, मासे पाळले का काय दिव्यात?" सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मला तेव्हाच कळलं होतं. हे लिहायला हात थांबतोय — पण खरंच, त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी काय केलं? मी त्यांना विज्ञान सांगितलं. हवेतली वाफ गार काचेवर जमते. हॅलोजन पुढची काच तापवतो म्हणून आतली ओल सुकते, एलईडी ती तशी तापवत नाही. सगळं बरोबर होतं. पुस्तकातल्यासारखं बरोबर. आणि शेवटी जोडून दिलं — पाणी शिरलं म्हणजे दिव्याचं सील ढिलं झालं असणार.

"परवा उत्तमनं खोलल्ते," अण्णा म्हणाले.

खोलले होते, हे खरं. म्हशीच्या धडकेनं क्लिपा तुटल्या होत्या. काकांनी दोन्ही दिवे काढून नव्या क्लिपा लावून दिल्या होत्या. मी त्यांचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही.

तेवढ्यात काका आपट्याची पानं घेऊन आले. दिव्यांकडं पाहिलं, वाकले, काचेवर नख वाजवलं. मग मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "बाळा, बल्ब टाकल्यावर मागचं रबर बसवल्तं ना?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. पोरगं कॉलेजात शिकतं, ते खोटं कशाला बोलेल? अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "काम जमत न्हाई तं हात कशाला लावायचा?" काकांनी पानं बॉनेटवर ठेवली आणि रस्ता ओलांडून परत गेले.

इथं थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण त्याच आठवड्यात, अण्णा जीप घरी ठेवून परगावी एका लग्नाला गेले असताना, मी दिवे काढले, पाणी ओतून टाकलं, दोन दिवस कडक उन्हात उलटे ठेवले. टोप्यांना कात्रीनं भोक पाडून त्या पंख्यावरून ओढून घट्ट बसवल्या. ओल गेली ती गेलीच. अण्णांनी स्टँडभर सांगितलं — उत्तमला जे जमलं न्हाई ते माझ्या पोरानं केलं. मी शेजारीच उभा होतो. मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला.

त्यानंतर जीपचं वायरिंगचं काम परतूरला जाऊ लागलं. मागोमाग आणखी दोन-तीन गाड्या गेल्या. काका स्टँडवर चहाला येईनासे झाले. कापलेल्या रबराच्या दोन चकत्या मी पेन्सिलीच्या डबीत ठेवल्या होत्या. का ठेवल्या, मला नीट सांगता येणार नाही. पेपर लिहायला बसलो की डबी उघडायची आणि त्या दिसायच्या.

परवा सुट्टीला आलो आणि एसटीतून उतरून थेट काकांच्या दुकानात गेलो. चकत्या काउंटरवर ठेवल्या. सांगितलं. ते रागावतील, किंवा "मला ठाऊक होतं" म्हणतील — मी दोन्हीची तयारी केली होती. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी चकती बोटांत फिरवली आणि म्हणाले, "म्हंजी माझ्या हातून न्हाई झालं." थोड्या वेळानं पुन्हा तेच. माझ्या त्या 'हो'वर त्यांचा विश्वास बसला होता. तेव्हापासून ते प्रत्येक दिव्याला दोनदा सीलंट लावत होते, गिऱ्हाईक घाईला आलं तरी.

मग विचारलं, "शेषरावला माहीत हाय?"

"न्हाई."

"मंग इथं काय करून राह्यला? घरी जा."

अण्णा अंगणात जीप धूत होते. मी बोलत असताना त्यांनी पाइप खाली ठेवला, मोटार बंद केली नाही. पाणी माझ्या चपलांखालून वाहत राहिलं. त्यांनी एकच विचारलं, "त्यानं विचारलं तव्हा?" मी म्हणालो, तेव्हाही खोटंच बोललो. मग त्यांनी पाइप उचलला आणि राहिलेलं चाक धुतलं.

काल दसरा होता. जीपला हार घालून झाला, पण नारळ फोडायच्या आधीच अण्णा पानं घेऊन रस्ता ओलांडून गेले. दुकानात काय बोलणं झालं, मला माहीत नाही. बऱ्याच वेळानं दोघं सोबत आले. काकांनी बॉनेट उघडून घेतलं, आत हात घालून माझ्या रबरावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "कापलंय वाकडं, पण बसलंय बराबर." अण्णांनी नारळ त्यांच्या हातात दिला. काकांनी फोडला.

माझ्याशी अण्णा अजून कामापुरतंच बोलतात. तरी मला हलकं वाटतंय, हे लपवत नाही. आज सकाळी डबी उघडली, आत नुसत्या पेन्सिली होत्या.

काकांनी विचारलं होतं, रबर बसवलं होतं ना.

नव्हतं बसवलं, काका.