आत्याची लाल रेघ

राज्य कोण चालवतं? शाळेच्या पुस्तकात राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्री, सचिव अशी उतरंड होती. माझ्या आत्याला विचारलं, तर ती चष्मा पुसत म्हणायची, "मी चालवते. बाकीचे नुसत्या सह्या करतात."

आत्या तोंडाने फटकळ आणि हाताने नीटनेटकी. सचिवालयात जावक टेबलावर तिची एकतीस वर्षं गेली. कुठल्याही मंत्र्याने सही केलेला आदेश तिच्याकडे यायचा. ती तो जाडजूड वहीत नोंदवून क्रमांक आणि तारीख घालायची. तोवर आदेश म्हणजे नुसता कागद! रोज संध्याकाळी शेवटच्या नोंदीखाली पट्टी धरून ती लाल रेघ मारायची. त्या रेघेच्या वर मागाहून काही घुसडायचं नाही, मग साक्षात ब्रह्मदेव का येईना.

एके दिवशी सकाळी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. ते गेले की सगळं मंत्रिमंडळच जातं. राज्यपाल म्हणाले, नवे येईपर्यंत रोजची कामं तेवढी बघा. लगेच मुख्य सचिवांचं पत्र फिरलं, आजपासून बदल्या बंद.

दुपारी आरोग्यमंत्र्यांचा सहायक घामाघूम होऊन आत्यासमोर उभा. हातात बदलीचा आदेश. आमच्या भागातल्या प्रसूतिगृहात एकच डॉक्टरबाई होत्या. मंत्र्यांच्या मेव्हणीला त्यांनी आजारपणाचा खोटा दाखला दिला नाही, म्हणून त्यांची रवानगी पार सरहद्दीवर! आणि इकडे माझ्या बहिणीला नववा महिना, पोटात मूल आडवं. आत्याला हे पक्कं ठाऊक होतं, खोटं कशाला बोलू?

"बाई, कालची तारीख टाका," सहायक म्हणाला. "सही कालच झालीय."

"मग काल कुठे होता हा कागद? माहेरी?"

"साहेबांचा हुकूम आहे."

"साहेबांचा असेल, सरकारचा नाही. कालची रेघ मारून झाली."

"अहो, रेघेच्या वर बारीक अक्षरात एक ओळ..."

"माझं अक्षर मोठं आहे."

"साहेब परत येतील, लक्षात ठेवा!" म्हणत तो पाय आपटत निघून गेला.

घरी आल्यावर मात्र आत्या चपला न काढताच खुर्चीत बसली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. "घाबरले गं मी," ती म्हणाली. मला तिचा असा अभिमान वाटला की रडूच आलं.

बाराव्या दिवशी डॉक्टरबाईंनी ऑपरेशन करून माझ्या भाचीला जगात आणलं. मायलेकी सुखरूप.

त्याच आठवड्यात नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. साहेब खरंच परत आले, पण खातं बदललं. आता त्यांच्याकडे सामान्य प्रशासन. डॉक्टर त्यांच्या हातातून सुटले आणि सचिवालयातले सगळे कारकून हातात आले. त्यांनी पहिली सही केली ती आत्याच्या बदलीवर, तळघरातल्या जुन्या दफ्तरांच्या खोलीत.

तो आदेश नोंदायला आला तिच्याच टेबलावर, आणला त्याच सहायकाने. आत्याने वही उघडली, कालच्या लाल रेघेखाली क्रमांक घातला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"तारीख आजचीच टाकू ना? की कालची हवी?"