काळ्या खोकडीसाठी दिलेला शब्द

इस्रायलमधल्या डिमोना गावात, कोकणातून आलेल्या आपल्या बेने इस्रायल ज्यू लोकांत, नेहेम्या वाक्रूळकर दोन गोष्टींनी ओळखला जायचा. एक त्याचं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारं हसणं आणि दुसरी त्याची बंदूक. हसणं आईकडून आलेलं, बंदुकीचा नाद बापाकडून. बाप पेणजवळच्या गावात तेलाचा घाणा चालवायचा, आणि भात पोटरीला आलं की रानडुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक घेऊन माचाणावर बसायचा. शेजारी नेहेम्याला बसवायचा. तिथेच तो नेम धरायला शिकला, आणि गप्प बसायलाही.

त्रेसष्ट साली बायको गेउला, म्हातारी आई एलिझाबेथ आणि दोन लेकरं घेऊन तो इस्रायलला आला. विमानात शेजारच्या खुर्चीवर बारूख कोर्लेकर होता. बारूख भायखळ्याचा, रेल्वेच्या मालगुदामात कारकून होता, इस्त्रीचा शर्ट आणि बोलण्यात अर्धी इंग्रजी. विमान हललं की हा गावरान माणूस खुर्चीचे हात घट्ट धरतो हे त्याने पाहिलं, आणि काही न बोलता आपला हात त्याच्या हातावर ठेवला. तेवढ्यावर दोस्ती जमली. दोघांना डिमोनात घरं मिळाली, दोघेही खनिजाच्या कारखान्यात लागले. नेहेम्या दगड भरडायच्या यंत्रावर, बारूख स्टोअरमध्ये. एकाच्या घरी मलिदा झाला की पहिलं ताट दुसऱ्याच्या घरी जायचं. नेहेम्याची मुलं घरात हिब्रू बोलायला लागली, आईने मराठीत हाक मारली तरी हिब्रूत ‘ओ’ देऊ लागली, तेव्हा पोटभर मराठी बोलायला नेहेम्याला बारूखच उरला.

सुरुवातीला नेहेम्याला वाटलं होतं, ह्या भुंड्या टेकड्यांत शिकार कसली? मग हाईम भेटला. हाईम ट्युनिसहून आलेला, कारखान्याचा ड्रायव्हर, जाडजूड, मोठ्या तोंडाचा माणूस. त्याच्याकडे जुनी जीप होती आणि नेतिवोतकडच्या शेतकऱ्यांशी ओळख होती. तिकडे वाळूत कलिंगडं पिकायची. खोकडं येऊन कलिंगडं फोडायची, उन्हाळ्यात पाण्यासाठी ठिबकच्या नळ्याच चावून ठेवायची. शेतकरी रडकुंडीला यायचे, परवाना काढायचे आणि हाईमला बोलवायचे. नेहेम्या त्याच्याबरोबर जाऊ लागला. पुढे बारूखलाही बंदूक धरायची हौस आली, ती त्याला नेहेम्यानेच शिकवली. शुक्रवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली की तिघे निघायचे. खोकड खायची तर नव्हतीच. मारायची, बांधावर टांगायची, शेतकऱ्याकडून कलिंगडं घ्यायची आणि सूर्य मावळून शब्बाथ लागायच्या आत घरी.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी नेहेम्या शेताच्या कडेला पालथा पडून होता. ओहोळाच्या बाजूने खोकड आली. त्याने नेम धरला आणि बोट तिथेच थांबलं. खोकड काळी होती. मळकट, करडी नव्हे, चांगली कोळशासारखी काळी. शेपटीचं टोक तेवढं पांढरं, डाव्या कानाला खाच. तिने नळी हुंगली, मान वर करून सरळ त्याच्याकडे पाहिलं, आणि जराही न बिचकता चालत निघून गेली.

“काय झालं? बार का नाही काढलास?” हाईम मागून ओरडला.

शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये चहा ठेवला तेव्हा वाद पेटला. हाईम हिब्रूत तावातावाने म्हणाला, “असं जनावर शिकाऱ्याला आयुष्यात एकदा दिसतं. लाल खोकडं काय, रोजची. ही भिंतीवर लावायची चीज आहे. तू नाही मारलीस तर उद्या ट्रॅक्टर मारेल, नाहीतर पिसाळून मरेल.”

“माझा बाप असल्या जनावरावर बार टाकत नसे,” नेहेम्या म्हणाला. “एकदा पांढुरकी भेकर समोर आली, आम्हाला चार दिवस मांस मिळालं असतं. त्याने बंदूक खाली केली.”

“का? देव कोपतो?”

“देवाबिवाचं नाही रे. लाल खोकड मारली की एक खोकड मेली. हिला मारली तर *ही* मरेल. पुढल्या शुक्रवारी आली तरी मी हिला ओळखीन. ओळखीच्याला कसं मारायचं?”

हाईम खो खो हसला. “म्हणजे लाल खोकडांची चूक एवढीच, की ती तुला ओळखू येत नाहीत!”

 नेहेम्या चहा ढवळत राहिला. तेव्हा बारूख मध्ये पडला. कप खाली ठेवून त्याने नेहेम्याचा हात हातात घेतला.

“नेहेम्या, मी तुला सांगतो, ऑनेस्टली, ही माझ्या बंदुकीने मरणार नाही. प्रॉमिस. हाईम, तू पण दे शब्द.”

हाईमने कुरकुरत हात पुढे केला. “दिला. पण मला पटलेलं नाही हां.”

त्यानंतर नेहेम्याला नवाच नाद लागला. हाईमची जीप नसली तरी तो बसने जायचा, बंदूक घरी ठेवून. ओहोळावर एक मोडका छोटा पूल होता. त्याच्या खाली, ढासळलेल्या सिमेंटच्या नळात खोकडीचं बीळ होतं. ते त्याने शोधून काढलं. वसंतात तिने पिल्लं बाहेर आणली, सगळी लाल, एकही काळं नाही. नेहेम्या घरी येऊन आईला सांगायचा, “अगं आई, काळी आई नि लाल पोरं!” एलिझाबेथबाई हसायच्या आणि म्हणायच्या, “तुझी तरी पोरं कुठे तुझ्यासारखी झाली?”

बिळाची जागा त्याने हाईमला सांगितली नाही. बारूखला सांगितली.

पुढच्या हिवाळ्यात नेहेम्याला मूतखड्याचा त्रास होऊन बेर-शेवाच्या इस्पितळात ठेवलं. बारूख कामावरून सुटला की बस धरून यायचा. गेउलाने दिलेली पेज, नाहीतर स्वतःच्या घरची खिचडी आणायचा. पलंगाशी खुर्ची ओढून बसायचा, पाय चेपायचा. बाजूचा रुमानियन पेशंट विचारायचा, “भाऊ का?” नेहेम्या म्हणायचा, “भावाच्या वर.”

आणि तिथेच, गप्पांच्या ओघात, बारूख विचारायचा, “तुझी काळी कशी आहे? थंडीत दिवसा निघते का?”

नेहेम्या खुलून सांगायचा. थंडीत ती ऊन वर आल्यावर पुलाच्या कठड्यावर येऊन बसते. वारा पश्चिमेचा असेल तर बाभळीच्या बाजूने जावं, तिला वास लागत नाही. दुखणं विसरून तो बोलत राहायचा, आणि बारूख मान डोलावत ऐकायचा.

बरा होऊन घरी आला तसा तो पुलाकडे गेला. बीळ रिकामं. नळाच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं होतं. त्याने बारूखला सांगितलं तेव्हा बारूखचा चेहरा पडला. “असं कसं? चल, मी येतो.” पुढच्या शुक्रवारी दोघे गेले. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. बारूख आपल्या चकचकीत बुटांनी ओहोळात उतरायचा, झुडपं बाजूला करून बघायचा. एकदा तर वाळूतला ठसा दाखवून म्हणाला, “हा बघ ना, ताजा आहे. असेल इथेच कुठेतरी.” नेहेम्याने वाकून पाहिलं. ठसा कुत्र्याचा होता. पण दोस्ताला शिकारीतलं काय कळतं, म्हणून तो काही बोलला नाही. उलट घरी येऊन गेउलाला म्हणाला, “माझ्यासाठी बिचारा काट्यांत हात घालतो.”

वसंतात अमिरामचा मुलगा तेरा वर्षांचा झाला, त्याची मुंजीसारखी बार मित्झ्वा झाली. अमिराम कारखान्यात भरडणी आणि स्टोअर दोन्हींवरचा साहेब. इस्रायलमध्येच जन्मलेला, उंच, मनमोकळा, खांद्यावर हात टाकून बोलणारा. हाताखालच्या सगळ्यांना घरी आमंत्रण होतं. नेहेम्या पांढरा शर्ट घालून, गेउला ठेवणीतली साडी नेसून, असे दोघे गेले. दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि नेहेम्या थबकला.

फडताळावर, काचेच्या डोळ्यांनी समोर बघत, काळी खोकड उभी होती. पोटात भुसा भरलेला, एक पाय उचललेला. शेपटीचं टोक पांढरं, डाव्या कानाला खाच.

“नेहेम्या! ये, ये!” अमिरामने गर्दीतून हाक मारली आणि त्याला जवळ ओढलं. “ऐका सगळे, ह्या जनावराचं श्रेय ह्या माणसाचं. जागा ह्याची, वेळ ह्याची, वारा कुठला पाहिजे तेही ह्याचंच! बारूखने मला नेऊन उभं केलं. मी फक्त चाप ओढला. एका गोळीत!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी नेहेम्याच्या हातात पेला दिला. त्याने बारूखला शोधलं. बारूख जेवणाच्या टेबलाशी होता आणि बशीतल्या एका ऑलिव्हकडे असा काही लक्षपूर्वक बघत होता, जणू त्याने ते फळ जन्मात पाहिलं नव्हतं. नेहेम्याने पेला फडताळावर ठेवला. खोकडीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. केस ताठ, औषधाचा वास. मग तो गेउलाला म्हणाला, “चल.”

बारूख त्यांच्या मागून जिन्यावर आला.

“नेहेम्या, ऐक तरी. अरे, मी बंदूकसुद्धा नेली नव्हती. मी काय शब्द दिला होता? माझ्या बंदुकीने मरणार नाही. आठव. नाहीच मेली.”

नेहेम्या एक पायरी खाली उभा होता. गेउला त्याचा दंड धरून होती.

“साहेबाला असल्या गोष्टींचा शौक,” बारूख घाईघाईने बोलत होता. “स्टोअरची मुख्य जागा रिकामी होती. इतकी वर्षं मी क्लार्कच. इथे आपल्या काळ्या कातडीला विचारतो कोण? एकदा त्याच्याबरोबर जीपमध्ये बसलो, माणूस म्हणून बोलला माझ्याशी. आणि शेवटी काय रे? एक खोकड! तू हाताने किती मारल्यास?”

“मारल्या,” नेहेम्या म्हणाला. “खोकडीचं सोड. ती मेली, मेली. तू माझ्याबरोबर शोधायला का आलास?”

बारूखने जिन्याचा कठडा धरला.

“इस्पितळात माझे पाय चेपत होतास, तेव्हा ठरलेलं होतं ना हे? आणि मग ओहोळात उतरलास. मला ठसा दाखवलास. ते कशासाठी, बारूख?”

“तुला वाईट वाटू नये म्हणून,” बारूख पुटपुटला.

नेहेम्या हसला. त्याचं नेहमीचं हसणं नव्हे, घशातून नुसता वारा निघाला. मग तो जिना उतरला.

कारखान्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. हाईम कुठून तरी ऐकून संध्याकाळी घरी आला, दारातच उभा राहिला. “मला वाटलं, तू मला सगळ्यात आधी धरशील. त्या दिवशी मारायची होती मलाच.”

“तुझ्यावर संशय गेला नाही असं नाही,” नेहेम्या म्हणाला. “बीळ रिकामं दिसलं तेव्हा पहिलं नाव तुझंच आलं मनात. बारूखकडे बोललोही. तो म्हणाला, शक्य आहे.”

हाईमचा चेहरा लाल झाला, मग शांत झाला. “मी मारली असती ना, तर तुझ्यासमोर मारली असती. तू शिव्या दिल्या असत्यास, मी ऐकल्या असत्या.” एवढं बोलून तो आत आला आणि गेउलाने दिलेला चहा प्यायला.

हाईमबरोबर नेहेम्या त्यानंतर एकदाच शेतावर गेला. एक लाल खोकड नळीपाशी आली. त्याने नेम धरला, आणि पहिल्यांदाच तिचं तोंड नीट पाहिलं. नाकावर जुना ओरखडा होता, एक मिशी तुटलेली. हाही काही अनोळखी चेहरा नव्हता. त्याने बंदूक हाईमकडे दिली. शेतकऱ्याला सांगितलं, खांदा दुखतो.

बारूखला स्टोअरची जागा मिळाली. सणाला त्याच्या घरून मलिद्याचं ताट येत राहिलं. गेउला ते घ्यायची, रिकामं ताट धुऊन परत पाठवायची, पण त्यात काही घालायची नाही. बारूखच्या मुलीच्या लग्नातल्या मेंदीला ती गेली, नेहेम्या गेला नाही. एकाच बसमध्ये चढले तरी एक पुढे बसायचा, एक मागे. मराठी बोलायला आता आईच उरली, आणि तिला ऐकू कमी येऊ लागलं होतं.

ब्याऐंशी साली एलिझाबेथबाई गेल्या. सुतकाचे सात दिवस घरी बसायचं होतं. सकाळच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, नाहीतर मुलाला आईसाठी कद्दिश, म्हणजे मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही. पण त्यातल्या एका सकाळी पहिल्या पाळीची माणसं घेऊन कारखान्याची बस निघून गेली होती, तरुण पोरं राखीव सैन्यात बोलावलेली, कारण लेबनॉनमध्ये लढाई सुरू होती. घरात नऊच जण जमले. प्रार्थना सांगणारा हझान घड्याळ बघत होता. हाईम खाली रस्त्यावर जाऊन कुणी दिसतं का पाहून आला. कुणी नव्हतं.

तेवढ्यात बारूख जिना चढून आला. केस पिकलेले, हातात प्रार्थनेचं पुस्तक. उंबऱ्याबाहेर थांबून त्याने फक्त विचारलं, “येऊ का?”

सगळे नेहेम्याकडे बघू लागले. तो जमिनीवर, सुतकाच्या रीतीप्रमाणे फाडलेल्या सदऱ्यात बसला होता. एलिझाबेथबाईंनी बारूखला स्वतःच्या हाताने किती वेळा भरवलं होतं ते गेउलाला आठवलं असावं, कारण ती तोंड फिरवून रडू लागली.

“आईसाठी ये,” नेहेम्या म्हणाला.

बारूख आत आला आणि मागच्या भिंतीशी उभा राहिला. नेहेम्या उठून कद्दिश म्हणू लागला. त्याचा आवाज मध्ये मोडला तेव्हा इतरांबरोबर बारूखनेही ‘आमेन’ म्हटलं. प्रार्थना संपली, माणसं पांगली. बारूख घुटमळला.

“नेहेम्या, इतकी वर्षं मला सांगायचं होतं की मी—”

“आज आईसाठी आलास ते बरं केलंस,” नेहेम्याने त्याला थांबवलं. “पण बारूख, तू आता काहीही सांगितलंस तरी ते खरं की नुसतं मला वाईट वाटू नये म्हणून, हे मला कधीच कळायचं नाही. तेव्हा नको सांगूस.”

गेउलाने चहाचा कप आणून ठेवला. बारूखने तो उभ्यानेच संपवला, कप सावकाश खाली ठेवला आणि दार हलकेच ओढून घेत निघून गेला. नेहेम्या पुन्हा जमिनीवर बसला. उद्या सकाळी दहा माणसं जमवायची कशी, ह्याचा तो हाईमशी हिब्रूत विचार करू लागला.