माझ्या माघारीचा सौदा

माझ्या साडूने मला फसवलं. तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. मी इथे जर्मनीतच, बॉबलिंगेनमध्ये, किराणा आणि भाजी विकतो. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी मला पाठिंबा द्यायचं त्याने कबूल केलं, त्या बोलीवर मला माघार घ्यायला लावली, आणि भर सभेत पाठिंबा दुसरीकडे देऊन मोकळा झाला. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते, आणि त्या तऱ्हेत मी फार थोर माणूस असतो.

याचं मूळ अमेरिकेत आहे. त्या हिवाळ्यात सासरे पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते आणि तिकडे अध्यक्षपदाच्या प्रायमरी चालू होत्या. प्रायमरी म्हणजे एकाच पक्षाच्या लोकांनी राज्याराज्यांत फिरून एकमेकांवर चिखल उडवायचा, एकेकाने गळायचं, आणि शेवटी जो उरेल त्याच्या शेजारी उभं राहून गळलेल्यांनीच त्याचा हात उंच करायचा. बाहेर थंडी, फिरायला जाणं नाही, शेजाऱ्यांशी बोलावं तर भाषा नाही, म्हणून निवृत्त प्राध्यापक असलेले माझे सासरे सकाळी टॅब्लेट मांडीवर घेऊन अमेरिका चालवायला बसत. मी घाऊक बाजारातून माल आणून, दुकान लावून न्याहारीला घरी आलो की मला त्यांच्याकडून कळे, आज कोण गळलं.

मीही बघू लागलो. एक गव्हर्नर होता, तो शेतात उभा राहून शेतकऱ्यांशी बोलायचा. पायात कोरे करकरीत बूट, त्यांना मातीचा कण नाही. एक सिनेटर जाईल त्या राज्यात सांगायचा की आपलं आजोळ इथलंच. एक उद्योगपती म्हणायचा, मी राजकारणी नाही, आणि हे पटवायला गावोगाव सभा घ्यायचा. जत्रेत जाऊन काडीला टोचलेलं काहीतरी तळकट खायचं ही तिथली परीक्षा. खाताना हसायचं. ज्याला हसता येत नाही तो पुढच्या आठवड्यात गळतो.

गळतानासुद्धा हरलो म्हणायचं नाही. बायकोमुलांना शेजारी उभं करून सांगायचं, मी माझी मोहीम स्थगित करत आहे. जसं काही जेवून आलो की पुन्हा चालू करणार. मग पाठिंबा. ज्याला मंगळवारी खोटारडा म्हटलं, शुक्रवारी त्याच्याच गळ्यात गळा, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर ते काडीवरचं खातानाचं हसू.

"बाबा, हा फुकट गेलेला नाही," मी सासऱ्यांना म्हणालो. "काहीतरी कबूल करून घेतलंय. मंत्रिपद, नाहीतर कुठल्यातरी देशाची वकिलात."

"तुम्हाला सगळीकडे मंडईच दिसते," सासरे म्हणाले. "योग्य वेळी बाजूला होणं, याला संस्कार लागतात. किती शांतपणे बोलला बघा. बाकीचे नुसते खुर्चीला चिकटलेत."

"भाव बरा मिळाला की माणूस शांतच बोलतो."

"असं बोलू नये हो. नात ऐकतेय."

नात, म्हणजे माझी मुलगी, जर्मनमधून विचारत होती की जॅमची बाटली कुणी संपवली.

माझ्या लग्नाला सासऱ्यांचा विरोध होता. मुलाला डिग्री नाही, हॉटेलात कांदे चिरतो, जर्मनीत चिरत असला म्हणून काय झालं. त्यानंतर मी दुकान काढलं, दुसरं काढलं, घर घेतलं. तरी कुणाशी ओळख करून देताना साडूकडे हात करून ते म्हणत, "हे आमचे जावई, इंजिनिअर आहेत." मग माझ्याकडे वळून, "हे पण जावईच."

मंडळात माझी तीच गत. गणपतीत हॉलची चावी मी आणायची, टेबलं मी लावायची, नारळ आणि केळीची पानं माझ्या गाडीतून यायची. आरतीनंतर मंचावर आभार मानायला अध्यक्ष उभा राहिला की मी मागे विजेच्या बटणापाशी. मी ठरवलं, यंदा अध्यक्ष व्हायचं, आणि सासरे परत जायच्या आत व्हायचं. त्यांनी पहिल्या रांगेत बसून ते बघायला हवं होतं. एवढीच माझी इच्छा होती आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

तीन अर्ज आले. माझा, साडूचा, आणि एका ताईंचा. ताई नुकत्याच फ्रँकफर्टहून बदली होऊन आलेल्या, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, बोलायला गोड. साडू कधीकाळी कारखान्याच्या कामासाठी अमेरिकेत राहून आला आहे. ते राहणं तो स्वतः विसरत नाही आणि आपल्यालाही विसरू देत नाही. त्याने टूम काढली की आपणही प्रायमरी घेऊ. आधी नेकारसुल्मला, मग बॉबलिंगेनला उमेदवारांचा जाहीर वादविवाद, आणि मग वार्षिक सभेत मतदान. इतक्या सुशिक्षित लोकांमध्ये एकालाही हे हास्यास्पद वाटलं नाही. सासरे तर खूश झाले.

नेकारसुल्मच्या वादविवादात देशाचे प्रश्न निघाले. मोदक घरी करावेत की मागवावेत. मुलं स्टेजवर जर्मनमध्ये बोलली तर चालेल का. आरत्या सगळ्या म्हणाव्यात की गाड्या पार्किंगमधून वेळेत काढाव्या लागतात म्हणून दोनच. ताई म्हणाल्या, सगळ्यांना बरोबर घेऊन निर्णय करू. टाळ्या. साडू म्हणाला, अमेरिकेत आम्ही हे वेगळ्या पद्धतीने करायचो. टाळ्या. मी म्हणालो, ज्यांनी आजवर एक खुर्ची उचलली नाही त्यांनी मोदकावर मत देऊ नये. टाळ्या नाहीत. मग एकाने विचारलं, मंडळाचं सामान तुमच्याच दुकानातून येणार का. त्याला मी जे बोललो ते बायकोने नंतर दोनदा मला ऐकवलं, म्हणून इथे लिहीत नाही.

बॉबलिंगेनच्या वादविवादाआधी साडू दुकानात आला. मी मागच्या खोलीत भेंडी निवडत होतो.

"साडूभाऊ, गणित सांगतो," तो म्हणाला. "आपल्या दोघांची माणसं तीच. दोघं उभे राहिलो तर मतं फुटतात आणि ताई येतात. एकाने ड्रॉप आउट व्हायचं, दुसऱ्याला एंडॉर्स करायचं."

"बरोबर. तू हो."

"होतो ना. मला कुठे हौस आहे. पण तुमच्याबद्दल बोलणं काय चाललंय माहीत आहे का? पदासाठी हपापलेत म्हणतात. नेकारसुल्मनंतर तर फारच."

"कोण म्हणतं? नाव सांग."

"हे बघा, हेच. म्हणून सांगतो, सभेत आधी तुम्ही माघार घ्या. नव्या लोकांना संधी मिळावी वगैरे बोला. लगेच मी उठतो. म्हणतो, छे, असं कसं, यांच्याशिवाय मंडळ चालणार नाही, मीच माझा अर्ज मागे घेतो. चार जण आग्रह करतील, तुम्ही नको नको म्हणा, मग हो म्हणा. एवढा आग्रह झाल्यावर ताईंना उभं राहणं बरं दिसेल का? त्याही मागे घेतील. बिनविरोध होताय तुम्ही."

मला ते पटलं, कारण आपल्यात असंच होतं. पंगतीत जिलबी नको म्हटल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा वाढत नाही, आणि मान मागून घेतला तर तो मान राहत नाही. नको म्हणणाऱ्याला ओढून खुर्चीवर बसवतात. गावच्या सोसायटीपासून साहित्यसंस्थेपर्यंत मी हेच पाहत आलो.

"आणि तुला काय पाहिजे?" मी विचारलं.

"सांस्कृतिक विभाग."

"सगळा? नाही. दिवाळीचा कार्यक्रम घे."

"दिवाळी आणि गणपती."

"गणपती माझा. दिवाळी, आणि नाटक बसवायचं तर एक नाटक."

तो जायला निघाला. मी जाऊ दिला. दारापर्यंत जाऊन परत आला, येणार हे मला ठाऊकच होतं. दिवाळी आणि एका नाटकावर हातावर हात मारला. शिवाय मी त्याला भेंडी दिली.

बॉबलिंगेनचा वादविवाद मी तोंड सांभाळून पार पाडला. वार्षिक सभा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. सासरे कोट घालून पहिल्या रांगेत, शेजारी माझी मुलगी. निवडणूक चालवायला इथे एक वालायटर नेमावा लागतो, म्हणजे निवडणूक अधिकारी, आणि तो उमेदवारांपैकी नको. आम्ही एका सभासद बाईंच्या जर्मन नवऱ्याला बसवलं. त्याला मराठी कळतं, वरणभात आवडतो, आणि तो नियमाने चालतो. मला वाटलं, घरचाच माणूस आहे.

मी उभा राहिलो. चांगलं बोललो. नवे लोक, नवे विचार, मी सेवक म्हणून आहेच, तेव्हा माझा अर्ज मागे घेतो. हात जोडले आणि थांबलो.

साडू बुटाच्या नाडीशी काहीतरी करत होता.

"आपण उमेदवारी मागे घेता," वालायटर म्हणाला. "हे बरोबर आहे?"

आता नाही कसं म्हणणार? अजून कुणी आग्रहच केला नव्हता. मी साडूकडे बघत म्हणालो, "माझी इच्छा तर तशीच आहे."

"या? की नाइन?" त्याने जर्मनमध्ये विचारलं, म्हणजे हो की नाही.

"या," मी म्हणालो. अगदी हळू. ज्याला कान आहेत त्याला कळलं असतं की हा होकार नाही.

त्याने लिहून घेतलं. मग साडू उठला. माझ्या मनाच्या मोठेपणाबद्दल बोलला. सासऱ्यांकडे बघून बोलला. म्हणाला, वडीलधाऱ्यांनी घालून दिलेल्या या आदर्शापुढे मीही माझी मोहीम स्थगित करतो. हो, स्थगित म्हणाला. आणि माझा संपूर्ण पाठिंबा ताईंना जाहीर करतो. एवढ्या टाळ्या मंडळात कधी गणपतीलाही पडल्या नव्हत्या.

"थांबा," मी म्हणालो. "माझं बोलणं पूर्ण झालेलं नाही."

"झालं," वालायटर शांतपणे म्हणाला. "प्रोटोकोलमध्ये, सभेच्या इतिवृत्तात, लिहिलं आहे. मागे घेतलं म्हणजे घेतलं."

"अहो, ते म्हणायची पद्धत असते. तुमच्या बायकोला विचारा."

त्याच्या बायकोने छताकडे बघितलं. माझी मुलगी मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला जर्मनमध्ये म्हणाली, पापा, तूच तर या म्हणालास. लोक हसले. मी बसलो.

ताई बिनविरोध निवडून आल्या. आभाराच्या भाषणातच त्यांनी सांस्कृतिक विभागाचे प्रमुख जाहीर केले. साडू. सगळा विभाग: दिवाळी, गणपती, नाटकं, कोजागरीसुद्धा. मी घासाघीस करून दिवाळी आणि एका नाटकावर ठरवलेला सौदा ताईंनी त्याने मागितलेल्या पूर्ण भावात उचलला होता. मोठ्या हुद्द्यावरची माणसं अशीच खरेदी करतात. पण हातावर हात मारलेला असताना माल दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकणाऱ्याला बाजारात पुन्हा कुणी उभं करत नाही. घाऊक बाजारात ज्या तुर्की व्यापाऱ्याशी मी दर आठवड्याला तावातावाने भांडतो, त्याने एकदा कबूल केलेली पेटी कधी दुसऱ्याला दिलेली नाही. तो इंजिनिअर नाही.

खरा घाव पुढे आहे. घरी आल्यावर सासऱ्यांनी पुण्याला फोन लावला. मी स्वयंपाकघरात पाणी पीत होतो.

"थोरल्या जावयांनी काय केलं माहीत आहे का?" ते सांगत होते. "पद समोर असताना सोडलं. तिकडे अमेरिकेत बघतो मी रोज, एकेक कसे चिकटून बसतात. आणि हा माणूस हात जोडून बाजूला झाला. मला ओळखता आला नाही इतकी वर्षं."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं मिळालं. मला त्यागी व्हायचं नव्हतं, अध्यक्ष व्हायचं होतं. आत जाऊन सांगावं की बाबा, सौदा होता आणि मी त्यात मार खाल्ला, तर हे कौतुकही गेलं. बायकोने डोळ्यांनी गप्प बसवलं. साडूला हे माहीत आहे. तेव्हापासून दर सणाला तो सगळ्यांसमोर माझ्या त्यागाची आठवण काढतो आणि मला दोन घास जास्त वाढायला सांगतो. मंचामागचं बटण अजून माझ्याकडेच आहे.

आता पुरे झालं. सासरे मंडळाचा दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात, म्हणून मी हे तिथेच छापायला देतो आहे. संपादन सांस्कृतिक विभागाकडे आहे. त्याने एक ओळ कापली तर मी दुकानाच्या काचेवर चिकटवीन. सासऱ्यांना खरं काय ते कळेल आणि मी पुन्हा "हे पण जावईच" होईन, तर होऊ दे. पण साडूभाऊ, पुढच्या सभेत तू उभा राहायचंस. दुकानाच्या मागच्या खोलीत नाही, फोनवर नाही, सभेत, बाबा हिवाळ्यात पुन्हा येताहेत त्यांच्या समोर, त्या वालायटरला लिहून घ्यायला लावून. पाठिंबा कुणाला द्यायचं ठरलं होतं, आणि तू तो कुणाला दिलास? बुटाची नाडी नंतर बांध. आधी उत्तर दे.