दह्यासारखं पांढरं जाणं आणि नवऱ्यावरचा संशय

मैत्रिणींनो, आज दुपारी भाची हळूच म्हणाली, "मावशी, खाली खूप खाज येते. आईला नको सांगूस." मला नव्वदच्या सुमाराची भिवंडी आठवली.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. तापासाठी अँटिबायोटिक घेतलं आणि त्यानंतर खाज, आग सुरू झाली, दह्यासारखं पांढरं जायला लागलं. जाऊबाई कुजबुजल्या, "भावोजींनी बाहेरून काही आणलं नसेल ना?" नवरा कापडाच्या लूमवर कामाला होता. तो जेवायला बसला की मी आत निघून जायचे.

माझी अवस्था शेजारच्या जुबेदाआपांनी ओळखली. त्याच मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

बाईंनी तपासलं, कापसाच्या काडीवर स्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "ही बुरशी आहे. अँटिबायोटिकनंतर वाढते कधीकधी. यात नवऱ्याचा दोष नाही."

मी तिथेच रडले. आपा म्हणाल्या, "अगं, रोती क्यूं है? घरी जा, त्याच्याशी बोल."

त्या रात्री आम्ही दोघं एकत्र जेवलो. बाईंनी दिलेल्या औषधाने काही दिवसांत खाजही गेली.

भाचीला उद्या डॉक्टरकडे नेतेय. प्रत्येक खाज बुरशीचीच नसते, म्हणून अंदाजाने मलम नको. तुम्ही असं काही झाल्यावर पहिल्यांदा कोणाला सांगितलंत?